शाखा ग्रंथालये बंद करण्याआधी : आयुक्त आणि ग्रंथालय समितीस खुले पत्र

मा. आयुक्त, ग्रंथालय समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महानगरपालिका

स. न. वि. वि.

वस्त्यांमधली शाखा ग्रंथालये बंद करायची, त्यांतली पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयात हलवायची आणि रिकाम्या जागा दुसऱ्या कामाला द्यायच्या, असा प्रस्ताव आपल्या समितीपुढे आहे. त्याची कारणे तीन सांगितली जातात : देवघेव घटली, खर्च झेपत नाही आणि आता सगळे मोबाइलवर मिळते. हे पत्र लिहिणाऱ्यांत शाखेच्या काउंटरवर बसणारे ग्रंथपाल आहेत, पुस्तके दाखल करणारे आणि बांधणारे आहेत, नेमाने येणारे सभासदही आहेत. शाखा बंद झाल्या तर आमच्यापैकी काहींचे काम जाईल आणि काहींचे वाचन. ते लपवण्याचे कारण नाही. पण आमचा आक्षेप त्याहून मोठा आहे. ज्या आकड्यावर हा प्रस्ताव उभा आहे, तो आकडा शाखेचे काम मोजतच नाही. आणि तो घसरला, त्याला बऱ्याच अंशी प्रशासनाचेच आधीचे निर्णय कारण आहेत.

आधी आकड्याबद्दल. देवघेव म्हणजे घरी नेलेली पुस्तके. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ नागरिक त्यात येत नाहीत. बालविभागात खाली बसून गोष्टीचे पुस्तक तिथेच संपवणारी मुले येत नाहीत. अर्ज कसा भरायचा, कोणत्या परीक्षेला कोणते पुस्तक चालते, अमुक कायदा मराठीत कुठे मिळेल, हे विचारायला येणारेही येत नाहीत. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, नकाशे हे तर संदर्भग्रंथ; ते नियमानेच बाहेर देत नाहीत. त्यांचा वापर कितीही झाला तरी देवघेवीच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे शून्यच राहणार.

हे मोजता येत नाही असे नाही, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. टेबलांवर एक सूचना लावायची : ‘वाचून झालेले पुस्तक कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या.’ दुपारी एकदा आणि बंद करताना एकदा ती पुस्तके मोजायची, विषयवार रेघा ओढायच्या आणि मगच जागेवर लावायची. दर तासाला खोलीतली माणसे मोजायची : मुले, अभ्यास करणारे, वर्तमानपत्रवाले, बाकीचे. काउंटरवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक रेघ. असे दोन आठवडे निवडायचे, एक परीक्षांच्या हंगामातला आणि एक एरवीचा. एकाच आठवड्यावर भिस्त ठेवली तर चित्र हमखास चुकते, कारण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका ओसंडते आणि बालविभाग ओस पडतो. इतके केले की शाखा कोणाच्या किती उपयोगी पडते ते कागदावर दिसेल. आपल्या प्रस्तावासोबत अशी मोजणी जोडलेली नाही.

घरी नेलेल्या पुस्तकांचीच तुलना करायची, तर ती एकूण संख्येने करू नये. वर्षभराच्या देवघेवीला साठ्यातल्या पुस्तकांच्या संख्येने भागायचे. एक पुस्तक वर्षात सरासरी किती वेळा बाहेर गेले ते कळते. समजा, शाखेत ६,००० पुस्तके आहेत आणि वर्षात ९,००० वेळा पुस्तके दिली गेली, तर हा आकडा १.५ येतो. मध्यवर्ती ग्रंथालयात १,००,००० पुस्तके आणि ८०,००० देवघेव असेल, तर तो येतो ०.८. एकूण संख्या पाहिली तर मध्यवर्ती कितीतरी पुढे दिसते, पण प्रत्येक पुस्तकाचा वापर शाखेत जवळजवळ दुप्पट झालेला असतो. हाच हिशेब विषयवार केला की कोणते कपाट अडगळ झाले आहे आणि कोणत्या कपाटाला नवी पुस्तके हवीत, तेही समजते. बंद करावे की नाही याच्या कितीतरी आधी विचारायचा प्रश्न हा आहे.

आता घसरण कशी झाली ते पाहा. एक म्हणजे, नवी पुस्तके येईनाशी झाली. खरेदीची तरतूद वर्षभर पडून राहते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी घाईने खर्च होते. मग जो पुरवठादार जास्त सवलत देतो, त्याच्याकडे जे पडून आहे तेच येते. एकाच लेखकाच्या सहा-सहा प्रती येतात आणि वाचकांनी मागितलेले एकही पुस्तक येत नाही. शेकडो पुस्तके एकदम येऊन पडतात. दाखल करायला, वर्गीकरण करायला, लेबल लावायला माणूस नसतो, म्हणून ती महिनोन्‌महिने गठ्ठ्यांतच राहतात. वाचकाच्या दृष्टीने नवे काहीच आलेले नसते. खरेदी वर्षातून चार वेळा, थोडी थोडी, आणि काउंटरवरच्या मागणी नोंदवहीवरून झाली तर तेवढ्याच पैशांत शाखा ताजी राहते.

दुसरे, वेळ. शाखा ११ ते ५ उघडी ठेवली की नोकरदार आणि शाळकरी मुले दोघेही आपोआप वगळले जातात. ज्यांना येणे शक्य आहे त्यांच्या वेळेत दार बंद ठेवायचे आणि नंतर कोणी येत नाही म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

तिसरे कारण प्रशासनाला बहुधा जाणवतही नसेल : कुलूपबंद कपाटे. पुस्तके हरवतील या धास्तीने कपाटांना काचा आणि कुलपे बसवली, वाचकाने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे आणि सेवकाने पुस्तक आणून द्यायचे. ज्याला पुस्तकाचे नाव आधीच ठाऊक आहे तोच मग वाचक उरतो. चाळता चाळता पुस्तक सापडणे, आणि नवा वाचक बहुतेक असाच तयार होतो, तिथेच थांबते. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा आहे. मुक्त प्रवेशात, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ दिल्यावर, काही पुस्तके हरवतात, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यावरचे उपाय साधे आहेत : येण्याजाण्याचा एकच दरवाजा, काउंटर त्या दरवाजाशी, पिशव्या बाहेर ठेवायची सोय, कपाटांची उंची नजर पोहोचेल इतकी, आणि वर्षातून एकदा साठा पडताळणी. जी पुस्तके खरोखर दुर्मीळ आहेत तेवढीच कुलपात ठेवावीत.

माणसांचेही तसेच. बहुतेक शाखा एका माणसावर चालतात. तो पुस्तक शोधायला कपाटांत गेला की काउंटर मोकळा राहतो आणि काउंटरवर बसला की परत आलेली पुस्तके ढिगात पडून राहतात. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत, ते आहे, देवघेवीत बाहेर गेलेले नाही आणि जागेवर सापडत नाही. ते टाळायला रोज थोडा वेळ फळ्या क्रमाने तपासाव्या लागतात. पुस्तकांना विषयवार अंक देऊन लावण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. म्हणजे मराठी शाखेतला निम्म्याहून जास्त साठा एका ८९१.४६३ मध्येच येऊ शकतो आणि तिथे लेखकाच्या आडनावाचा क्रम जरा बिघडला की शोधणे अवघड होऊन बसते. हे काम दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या आणि प्रशिक्षण न दिलेल्या माणसाकडून होणार नाही. दोष त्या माणसाचा नसतो.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि प्रस्तावात त्याचा विचार अजिबात दिसत नाही : पुस्तके हलवल्यावर त्यांचे काय होईल?

एक लोकप्रिय कादंबरी पाच शाखांत पाच प्रतींनी आहे. त्या पाच प्रती पाच वस्त्यांत फिरत आहेत. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात एकत्र आल्या की यादीत ‘एक पुस्तक, चार जादा प्रती’ अशा दिसतील आणि जागेअभावी त्या चार बाद होतील. बाद करणाऱ्याने नियमानेच काम केलेले असेल, तरीही चार वस्त्यांचे पुस्तक गेले. विलीनीकरणात साठा असाच आटतो, आणि नेमकी जास्त वाचली जाणारी पुस्तकेच आधी जातात, कारण जादा प्रती त्यांच्याच असतात.

नंतर क्रमांकांचा घोळ. प्रत्येक शाखेची दाखल नोंदवही एकपासून सुरू झालेली आहे. १२४५ हा दाखल क्रमांक पाचही शाखांत आहे आणि प्रत्येक ठिकाणी पुस्तक वेगळे. शाखेचा संकेतांक आधी न जोडता या नोंदी संगणकात एकत्र केल्या, तर एका पुस्तकाची नोंद दुसऱ्यावर चढते किंवा बारकोड भलतेच पुस्तक दाखवतो. मग लेखापरीक्षणात ‘गहाळ’ पुस्तकांची लांबलचक यादी निघते आणि ती शेवटच्या ग्रंथपालाच्या नावावर चिकटते. हलवण्याआधी प्रत्येक शाखेची स्वतंत्र पडताळणी आणि सह्या केलेला अहवाल नसेल, तर ही जबाबदारी कोणावर ठेवणार, हे समितीने आधी ठरवावे.

जागेचा हिशेबही मांडून पाहा. मीटरभर फळीवर मध्यम जाडीची तीसेक पुस्तके बसतात. ६,००० पुस्तकांना २०० मीटर फळी लागते, आणि नव्या पुस्तकांसाठी चतुर्थांश जागा मोकळी सोडायची तर साधारण २७० मीटर. ९० सेंटिमीटर रुंदीच्या सहा फळ्यांच्या मांडणीत ५.४ मीटर मिळतात. म्हणजे एका शाखेच्या पुस्तकांना पन्नास मांडण्या, आणि त्यांच्यामधून माणूस जाईल एवढी वाट. अशा किती मांडण्या मध्यवर्ती ग्रंथालयात आज रिकाम्या आहेत? वरच्या मजल्यावर ठेवायच्या म्हटले तर मजल्याचा भार तपासावा लागेल. राहत्या घरांच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या दाट मांडण्यांसाठी तो ६०० किलो किंवा त्याहून जास्त धरावा लागतो. जागा नसली आणि भारही झेपत नसला की पुस्तके तळघरात, जिन्याखाली, पोत्यांत जातात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, जमिनीला टेकलेल्या गठ्ठ्यांना वाळवी लागते, सुतळीने करकचून बांधल्यावर पुठ्ठ्यांच्या कडा कापल्या जातात. एका पावसाळ्यात होणारे हे नुकसान दुरुस्त होत नाही. नीट हलवायचे तर फळीच्या क्रमाने, १२ ते १५ किलोच्या खोक्यांत, खोक्यावर मांडणी, फळी आणि क्रम लिहून हलवावे लागते. एका शाखेला दीडशे ते दोनशे खोकी लागतील. या कामाची तरतूद प्रस्तावाच्या खर्चात नाही, म्हणून तो स्वस्त दिसतो.

शाखेत असेही काही असते जे दुसरीकडे कुठेच नसते : परिसरातल्या शाळांच्या आणि मंडळांच्या स्मरणिका, बंद पडलेली स्थानिक पाक्षिके, जुने दिवाळी अंक, छोट्या प्रकाशकांनी काढलेले कवितासंग्रह. जुनी वैद्यकीय पुस्तके, दुरुस्ती झालेल्या कायद्यांच्या आवृत्त्या, मागच्या अभ्यासक्रमाची गाइडे बाद करायलाच हवीत; चुकीची माहिती देणारे पुस्तक फळीवर असणे घातक आहे. पण ‘पाच वर्षांत कोणी नेले नाही’ ही कसोटी स्मरणिकेला लावू नका. ती दहा वर्षांतून एकदा लागते आणि तेव्हा तिच्यावाचून अडते.

अंतराबद्दल थोडक्यात. दहा वर्षांचे मूल एकटे जितके चालत जाऊ शकते, पंच्याहत्तरीची आजी जितके चालू शकते, ती शाखेची खरी हद्द. दहा-पंधरा मिनिटांची वाट. त्यापुढे बस आली, तिकीट आले, सोबतीला कोणीतरी आले. ज्याला स्वतःचे वाहन आहे तो मध्यवर्ती ग्रंथालयात आजही जातोच. शाखा बंद केल्याने तुटणार तो बाकीचा सगळा वर्ग.

मोबाइलबाबतचा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे, पण मराठी पुस्तकांना तो लागू पडत नाही. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९९० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे साहित्य २०५० अखेरपर्यंत परवानगीशिवाय कोणालाही महाजालावर ठेवता येणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले बहुतेक मराठी साहित्य या मुदतीत येते आणि त्यातल्या मोठ्या भागाची नवी आवृत्तीही निघालेली नाही. ते आज वाचायचे तर ग्रंथालयातली जुनी प्रत हाच मार्ग. ई-पुस्तके घ्यावीत, जरूर घ्यावीत. मात्र छापील पुस्तक एकदा घेतले की ते फाटेपर्यंत ग्रंथालयाचे असते. ई-पुस्तकाचा बहुधा परवाना मिळतो आणि तो किती वाचकांना, किती काळ, हे विकणारा ठरवतो. शिवाय ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे, तिथे तो मुलाच्या हाती वाचायला किती वेळ येणार?

अभ्यासिकेबद्दल आमच्यातही मतभेद होते, तरी लिहिणे भाग आहे. काही शाखांची पुस्तके काढून पूर्ण जागा अभ्यासिकेला द्यावी, असे सुचवले जाते. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शांत जागेची गरज खरी आहे. लहान घरांत ती मिळत नाही. पण अभ्यासिकेत मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात, त्यांना हवे असते टेबल, उजेड, पंखा आणि स्वच्छतागृह. सगळी जागा त्यांना दिली की वर्तमानपत्र चाळणारे आजोबा आणि मोठ्याने वाचणारी लहान मुले यांना ‘आवाज करू नका’ म्हणत बाहेर काढले जाते. वेगळी खोली द्यावी. ती नसेल तर वेळा वाटाव्यात : पहाटे आणि रात्री अभ्यासिका, मधल्या वेळेत ग्रंथालय. तेच टेबल दोघांना पुरते.

खर्चाला पर्याय आहे, आणि तो जुना, वापरून पाहिलेला आहे. बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावांपर्यंत, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पेट्यांतून पुस्तके पाठवून. तेच तत्त्व शहराला लावता येते. प्रत्येक शाखेतली तीनशे-चारशे पुस्तके दर तीन महिन्यांनी पुढच्या शाखेत पाठवा. पाच शाखा असतील तर एकदा घेतलेले पुस्तक पाच वस्त्यांत पोहोचते आणि नवी खरेदी न करताही प्रत्येक वाचकाला वर्षातून चार वेळा नवे कपाट दिसते. सगळ्या शाखांची एकच संगणकीय यादी करा. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणक प्रणाली आणि एनआयसीची (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) ई-ग्रंथालय प्रणाली, दोन्हींत देवनागरी नोंदी करता येतात. वाचकाने आपल्या शाखेत मागणी नोंदवावी आणि आठवड्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीने पुस्तक त्याच्या शाखेत यावे. मध्यवर्ती ग्रंथालयाचा मोठा साठा वस्तीपर्यंत पोहोचवण्याचा खरा मार्ग हा आहे. शाखा नसतील तर ही पुस्तके उतरवणार कुठे?

पैशांची हमी नसणे हे मूळ दुखणे. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. १९४८ च्या मद्रास कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आणला. आपल्या १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात असा उपकर नाही, त्यामुळे ग्रंथालयांचा पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहतो. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. अंदाजपत्रकात शाखांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडणे आणि त्यातली रक्कम दुसरीकडे न वळवणे, हे आपल्या हाती आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रस्ताव स्थगित ठेवावा. वर सांगितल्याप्रमाणे दोन आठवड्यांची मोजणी आणि विषयवार हिशेब प्रत्येक शाखेत करून तो ग्रंथालयाच्या फलकावर लावावा. त्यानंतरच चर्चा व्हावी.

२. तोवर एकही पुस्तक, कपाट किंवा नोंदवही शाखेतून हलवू नये आणि एकही पुस्तक बाद करू नये.

३. शाखांच्या वेळा सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री ८ अशा कराव्यात. सुट्टी रविवारी न देता आठवड्यातल्या मधल्या दिवशी द्यावी.

४. प्रत्येक पाळीला दोन माणसे, त्यांपैकी एक ग्रंथालयशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेला.

५. खरेदी वर्षातून चार वेळा, मागणी नोंदवहीवरून. निवड समितीत ग्रंथपालांसोबत शाखेचे दोन सभासद, त्यांत एक महिला. निवडलेल्या पुस्तकांची यादी जाहीर करावी.

६. शाखांमधली पुस्तकांची अदलाबदल आणि आठवड्याची गाडी सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर चालवावी.

७. एखाद्या शाखेची इमारत धोकादायक असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल सर्वांना पाहू द्यावा, त्याच वस्तीत चालत जाता येईल अशी तात्पुरती जागा द्यावी आणि परत येण्याची तारीख लेखी द्यावी. तारखेशिवाय केलेले स्थलांतर आम्ही बंद करणेच समजू.

मोजणीसाठी, पडताळणीसाठी आणि सामाईक यादी तयार करण्यासाठी आम्ही विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत; नमुना तक्ते तयार आहेत. प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे जाण्याआधी समितीने आम्हाला भेटीची वेळ द्यावी आणि वरच्या प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे. ते उत्तर आम्ही प्रत्येक शाखेच्या फलकावर लावू.

आपले,
शाखा ग्रंथालयांतील ग्रंथपाल, कर्मचारी आणि सभासद